सांध्याचा खटका कुठे बसवावा?

रूळ अंथरून झाले आणि इंजिन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता गेले, की मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे फळीवरची छोटी रेल्वे, उभारणाऱ्याला पुढचे काम सोपे वाटू लागते. प्रत्येक सांध्याखाली, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सरकत्या पात्यांच्या जोडाखाली, मोटर लावायची, तारा ओढायच्या आणि सगळे खटके एका देखण्या पॅनेलवर ओळीने बसवून टाकायचे, एवढेच आता उरले असे मलाही वाटले होते. बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, चौदा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीत, मी डभोई जंक्शनवर बेतलेला लेआउट उभारला आहे. त्यावरील तेवीस सांध्यांचे खटके गेल्या सहा वर्षांत मला तीनदा जागचे हलवावे लागले. सांधे पहिल्या दिवसापासून जिथे आहेत तिथेच आहेत. चुकत होत्या त्या केवळ खटक्यांच्या जागा. ही मेहनत इतरांची वाचावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

डभोई निवडण्याचे कारण बडोदेकरांना सांगावे लागणार नाही. गायकवाडांच्या राज्यात डभोई ते मियागाम ही लाइन 1862 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यावरील डबे बैल ओढत असत. इंजिने तिच्यावर नियमित धावू लागली ती नंतर. पुढे मियागाम, चांदोद, प्रतापनगर, छोटा उदेपूर अशा दिशांना फुटणाऱ्या लाइनींमुळे डभोई हे नॅरोगेजचे फार मोठे जंक्शन झाले. या लाइनींची रुंदी 762 मिलिमीटर होती. सत्त्याऐंशीने भागल्यास ती पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणून एचओ, म्हणजे सत्त्याऐंशीपट लहान, प्रमाणातील डबे आणि एन गेजचे नऊ मिलिमीटरचे रूळ यांची जोडी येथे छान जमते. लेआउट करणाऱ्याच्या दृष्टीने जंक्शन म्हणजे मात्र सांधेच सांधे. साध्या गोल मार्गावर दोन सांधे असतील तर खटके कुठेही ठोकले तरी चालते. यार्ड आले की खटक्याची जागा चुकल्याचा त्रास दर मिनिटाला होतो.

खऱ्या रेल्वेत जुन्या काळी दोन पद्धती दिसत. मोठ्या स्टेशनात उंच केबिन असे, तिला मोठ्या काचा असत आणि केबिनमनच्या समोर सांधे आणि सिग्नल ओढण्याच्या लिव्हरची रांग असे. लहान स्टेशनावर किंवा साइडिंगच्या, म्हणजे डबे उभे करण्याच्या बाजूच्या रुळाच्या, तोंडाशी मात्र सांध्याशेजारीच जमिनीवर एक वजनदार लिव्हर असे आणि सांधेवाला तिथवर चालत जाऊन तो टाकत असे. आपल्याला या दोहोंतील भव्य दिसणारी केबिन आवडते आणि आपण तिची नक्कल करू लागतो. पण केबिन उंच का बांधत आणि तिला काचा का असत, हा प्रश्न आपण विचारत नाही. लिव्हर ओढणाऱ्याला गाडी आणि सांधे दिसावेत, एवढ्यासाठी ती सोय असे. माझ्या खोलीत मध्यवर्ती पॅनेल दाराजवळ होते आणि चांदोदच्या बाजूचे सांधे कोपऱ्यामागे, म्हणजे मी काचा नसलेली केबिन बांधली होती.

यातून मी एकच कसोटी धरून चालतो. खटका दाबताना माणूस जिथे उभा असेल तिथून त्या सांध्याची सरकती पाती त्याला दिसली पाहिजेत, आणि तो तिथे मुद्दाम खटक्यासाठी आलेला नसावा; गाडीमागे चालता चालता आपोआप पोहोचलेला असावा. हातात वॉकअराउंड कंट्रोलर घेऊन गाडीसोबत फिरण्याची पद्धत असेल, तर खटके फळीच्या कडेच्या दर्शनी पट्टीवर, ज्याच्या त्याच्या सांध्यासमोर असावेत. एकच माणूस स्टुलावर बसून सगळे यार्ड चालवत असेल आणि सगळे यार्ड त्याला दिसत असेल, तर पॅनेल योग्यच आहे. माझ्याकडे दोन्ही आहेत: डभोई यार्डाच्या आठ सांध्यांसाठी एक छोटे पॅनेल, बाकी सगळे पट्टीवर.

आधी चिठ्ठ्या, मग ड्रिल

दर्शनी पट्टीला भोके पाडण्यापूर्वी किमान तीन-चार वेळा लेआउट पूर्ण वेळापत्रकानिशी चालवून पाहावा, आणि तोही खटक्यांशिवाय. सांधे तेवढ्यापुरते हाताने, काडीने किंवा बोटाने सरकवावेत. प्रत्येक सांध्याच्या क्रमांकाची एक चिठ्ठी करून ठेवावी आणि गाडी चालवताना ज्या ठिकाणी उभे असताना त्या सांध्याकडे हात गेला, बरोबर तिथे पट्टीवर ती मास्किंग टेपने चिकटवावी. दुसऱ्या वेळी हात वेगळीकडे गेला तर जुनी चिठ्ठी काढू नये, तिच्या शेजारी दुसरी लावावी. चार रविवारांनंतर माझ्या पट्टीवर चिठ्ठ्यांचे घोस तयार झाले होते. ज्या सांध्याच्या चारही चिठ्ठ्या एका वितीत होत्या, त्याच्याबद्दल काही ठरवायचेच नव्हते. दोन चिठ्ठ्या एका जागी आणि दोन चार फुटांवर, अशी वाटणी झालेले सांधे पाचच निघाले आणि सगळा विचार त्या पाचांवर करावा लागला.

हे काम एकट्याने करू नये, कारण लेआउट बांधणाऱ्याला कोणता रूळ कुठे जातो हे पाठ असते. माझ्याकडे दर रविवारी सकाळी तिघे मित्र आणि माझा भाचा येतात. मी मियागामच्या लूपची, म्हणजे मुख्य रुळातून फुटून पुन्हा त्याला मिळणाऱ्या रुळाची, चिठ्ठी लूपच्या मधोमध लावली होती. भाच्याने गाडी लूपच्या तोंडाशी थांबवून ती तिथेच लावली. गाडी पात्यांच्या बाजूने सांध्याकडे येत असेल तर सांधा आधी पाहून लावावा लागतो, कारण चुकला तर गाडी सरळ भलत्या रुळावर जाते. म्हणून अशा सांध्याचा खटका पात्यांच्या समोर किंवा त्याच्याही वीतभर अलीकडे, गाडी ज्या दिशेने येते त्या बाजूला असावा. उलट बाजूने येणाऱ्या गाडीसाठी थोडे इकडेतिकडे चालते. ज्या सांध्यावर दोन्ही बाजूंनी वाहतूक आहे, तिथे पात्यांच्या समोरची जागा घ्यावी. क्रॉसिंगच्या म्हणजे फ्रॉगच्या, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेच्या, समोरची घेऊ नये, कारण लांब सांध्यात या दोहोंत अंतर असते आणि शेजारी दुसरा सांधा असेल तर तेवढ्यानेही खटक्यांची अदलाबदल होते.

दोन समांतर रुळांना जोडणाऱ्या क्रॉसओव्हरच्या दोन्ही सांध्यांना मात्र एकच खटका द्यावा, कारण एक सरळ आणि दुसरा वळता अशा स्थितीचा उपयोग काहीच नाही. त्याची जागा दोहोंच्या मध्यावर नसावी. ज्या टोकाला गाडी अधिक वेळा थांबते त्या टोकाला ती असावी.

उंची, खोली आणि रुंदी

माझ्या लेआउटवर रुळांची उंची जमिनीपासून 115 सेंटिमीटर आहे आणि दर्शनी पट्टी 15 सेंटिमीटर रुंद. खटके पट्टीच्या वरच्या कडेपासून आठ ते दहा सेंटिमीटर खाली आहेत. त्याहून वर घेतले तर हात टेकवताना चुकून दाबले जातात, कारण लेआउट पाहायला आलेला प्रत्येक माणूस कडेवर हात टेकवतोच. त्याहून खाली घेतले तर वाकून पाहावे लागते आणि तेवढ्यात गाडी पुढे जाते. फळीच्या वर, देखाव्यात खटके बसवणे टाळावे. त्यांच्यापर्यंत पोहोचताना शर्टाच्या बाहीने विजेचे खांब मोडतात, हे मी दोन खांबांच्या मोबदल्यात शिकलो.

माझ्या खोलीच्या मध्यात जाण्यायेण्याची वाट 70 सेंटिमीटरच आहे, आणि हीच बहुतेक घरांतील अडचण असावी. दोन माणसे एकमेकांना ओलांडताना पाठ किंवा पोट पट्टीला घासते. टॉगल स्विचची दांडी साधारण एक सेंटिमीटर बाहेर येते, तेवढी ती खिशाला, ओढणीला, पदराला अडकते आणि सांधा गाडीखालीच बदलतो. यावर उपाय म्हणजे खटका खोबणीत बसवणे. 12 मिलिमीटरच्या प्लायवूडच्या पट्टीत खटक्यापुरता चौकोन कापावा आणि मागून तीन मिलिमीटरच्या एमडीएफची किंवा ॲक्रिलिकची तबकडी स्क्रूने बसवून खटका तिच्यावर लावावा. असे केल्याने दांडी प्लायवूडच्या जाडीत झाकली जाते, आणि दुसरी एक अडचणही आपोआप सुटते. लहान टॉगल स्विचचे आटे आठ-नऊ मिलिमीटरच लांब असतात, त्यामुळे ते 12 मिलिमीटरच्या प्लायवूडमधून आरपार जाऊन नट धरतच नाहीत. मी पहिल्यांदा पट्टीला सहा मिलिमीटरची तेवीस भोके पाडून झाल्यावर पहिला खटका बसवायला घेतला, तेव्हा हे ध्यानात आले.

पुश बटणांची दांडी बाहेर येत नाही, म्हणून अरुंद वाटेवर ती अधिक सोयीची. पण बटणाकडे पाहून सांधा कोणत्या बाजूला आहे हे कळत नाही, म्हणून त्यांच्यासोबत दिवे लावावे लागतात.

डावे-उजवे आणि पॅनेलवरील नकाशा

खटक्याची जागा बरोबर असली तरी तो कोणत्या बाजूला टाकायचा हे दर वेळी आठवावे लागत असेल, तर निम्मे काम वाया गेले असे समजावे. सरळ आणि वळता अशी भाषा कागदावर ठीक असते. गाडी चालवताना माणूस अलीकडचा रूळ आणि पलीकडचा रूळ अशा शब्दांत विचार करतो. म्हणून मी सगळे टॉगल उभे बसवले आहेत: दांडी वर म्हणजे पलीकडचा रूळ, दांडी खाली म्हणजे अलीकडचा. मग तो रूळ सांध्यातून सरळ जाणारा असो वा वळणारा. तेवीसपैकी सात सांध्यांत वळता रूळ अलीकडे येतो आणि तिथे मोटरच्या तारा उलट जोडाव्या लागल्या, पण त्या कामाला एक संध्याकाळ पुरली. खटक्याच्या वर तीन बोटे रुंद अशी सांध्याची आकृती पांढऱ्या टेपने चिकटवली, तर पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यालाही काही सांगावे लागत नाही.

पॅनेल असेल तर त्यावरील नकाशाची दिशा हा स्वतंत्र विषय आहे, कारण याच ठिकाणी मी सर्वांत मोठी चूक केली. पहिले पॅनेल मी समोरच्या भिंतीवर लावले होते. पॅनेलकडे तोंड केले की लेआउटकडे पाठ होई. नकाशा स्टेशनच्या जुन्या आराखड्यांप्रमाणे उत्तर वर धरून काढलेला असल्यामुळे पॅनेलवर डावीकडे दिसणारे प्रतापनगर पाठीमागे वळून पाहिले की उजवीकडे येत असे. एका रविवारी मी स्वतः, हातात शेव-उसळीची डिश नसताना आणि पूर्ण शुद्धीत, मालगाडीसाठी प्रतापनगरकडचा सांधा लावला असे समजून छोटा उदेपूरकडचा लावला आणि ती उभ्या असलेल्या पॅसेंजरच्या शेवटच्या डब्यात घुसली. भाच्याने तेव्हा सुचवले की मामाने आरसा लावावा. आरशाने खरोखरच काम झाले असते; पण मी पॅनेल काढून लेआउटच्या कडेला, यार्डाच्या अगदी समोर आणले आणि नकाशा तिथून दिसणाऱ्या देखाव्याप्रमाणे नव्याने काढला.

पॅनेलकडे पाहताना जे वर असेल ते लेआउटवर दूर असावे, आणि पॅनेलवर जे डावीकडे असेल ते लेआउटवरही डावीकडेच असावे. उत्तर दिशा, मूळ स्टेशनचा आराखडा, कागदावरची रेखाटने, यांपैकी कशालाही त्यापुढे किंमत देऊ नये. फळीचा एखादा भाग खोलीत जिभेसारखा पुढे आलेला असेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसे उभी राहत असतील, तर एक पॅनेल एका बाजूच्या माणसाला कायमच उलटे वाटणार. तिथे दोन लहान पॅनेल करावीत.

पॅनेल पूर्ण उभे न ठेवता थोडे मागे कलते, चुलीजवळच्या ताटाळ्यासारखे नव्हे, शाळेच्या डेस्कच्या झाकणासारखे ठेवावे. उभ्या पॅनेलवर मनगट टेकवायला जागा राहत नाही आणि पूर्ण आडव्या पॅनेलवर चहाचे कप ठेवले जातात. खटक्यांच्या टोप्यांना रंग द्यायचे असतील तर केबिनमधील जुनी रीत उपयोगी पडते: सांध्यांचे लिव्हर काळे, सांध्यांच्या कुलपांचे निळे, थांबा दाखवणाऱ्या सिग्नलांचे लाल आणि रिकामे पांढरे. मी पॅनेलवर दोन पांढरे खटके राखून ठेवले आहेत, कारण यार्ड कधीच पूर्ण होत नाही.

एकाच सांध्याला दोन खटके

चिठ्ठ्यांमध्ये ज्या पाच सांध्यांची वाटणी झाली होती, त्यांपैकी तिघांना मी दोन ठिकाणी खटके दिले. एक पॅनेलवर आणि दुसरा पट्टीवर. हे जिन्यातील दिव्यासारखेच आहे. खाली लावावा, वर जाऊन विझवावा. सोलेनॉइड मोटर, म्हणजे विजेच्या झटक्याने पाती ओढणारी कॉइल, आणि पुश बटणे असतील तर दोन्ही ठिकाणची बटणे समांतर जोडली की काम संपते. हळू फिरणाऱ्या मोटरला मात्र दिशा उलटवावी लागते, म्हणून दोन्ही ठिकाणी सहा टोकांचे डीपीडीटी खटके लागतात आणि दोहोंच्या कोपऱ्यांतील टोके तिरकी जोडावी लागतात. पुरवठा पहिल्या खटक्याच्या मधल्या टोकांना द्यावा, पहिल्याची कोपऱ्यातील एक जोडी दुसऱ्याच्या कोपऱ्यातील जोडीला जोडावी आणि दुसऱ्याच्या मधल्या टोकांवरून मोटरकडे तारा न्याव्यात. कोणताही एक खटका हलवला की दिशा बदलते. यात मध्यावर बंद होणारा खटका चालत नाही, कारण एकाने तो मधे सोडला तर दुसऱ्याचा खटका मुका होतो.

या सोयीची किंमत अशी की दांडी वर आहे की खाली, यावरून सांध्याची स्थिती ओळखता येत नाही; वर म्हणजे पलीकडचा रूळ हा माझा नियम त्या तीन सांध्यांपुरता मोडतो. म्हणून तिथे एलईडी आवश्यक ठरतात. 12 व्होल्टवर चालणारी, टोकाला अडून उभी राहणारी टॉर्टॉइस या बनावटीसारखी मोटर पंधरा-सोळा मिलिअँपिअरच घेते, त्यामुळे हिरवा आणि लाल असे दोन एलईडी परस्परविरुद्ध दिशेने समांतर जोडून ती जोडी मोटरच्या तारेत सरळ घालता येते आणि वेगळा रेझिस्टर लागत नाही. दोन ठिकाणी दिवे हवेत म्हणून दुसरी जोडी घातली तर आणखी दोनेक व्होल्ट कमी होतात आणि मोटर अधिक रेंगाळते, पण काम करते. हा दिवा मात्र हुकूम दिल्याचे दाखवतो, तो पाळला गेल्याचे नव्हे. पात्यांत खडीचा एक दाणा अडकला असेल तरी हिरवा दिवा निर्धास्त पेटलेला असतो. म्हणूनच पाती डोळ्यांना दिसावीत हा आग्रह मी दिवे लावल्यावरही सोडलेला नाही.

असे दोन-दोन खटके सगळ्याच सांध्यांना देण्याचा मोह होतो, तो आवरावा. दोघे जण एकच सांधा आपापल्या गाडीसाठी एकाच वेळी फिरवू लागले की दोष कुणाचा हे ठरवण्यात रविवार जातो.

मोटर कोणती, त्यावर अंतर ठरते

जागा माणसाच्या सोयीने ठरवावी हे खरे असले तरी मोटर काही बंधने घालते. सोलेनॉइड क्षणभरच चालते, पण त्या क्षणी चार-चार अँपिअर ओढते. पॅनेल पाच मीटरवर असेल तर जाण्यायेण्याची मिळून दहा मीटर तार होते. 0.2 चौरस मिलिमीटरच्या बारीक तांब्याच्या तारेत एवढ्या प्रवाहाला साडेतीन व्होल्टच्या आसपास वाटेतच गमवावे लागतात, तर एक चौरस मिलिमीटरच्या तारेत एक व्होल्टही जात नाही. दूरचा सांधा अर्धवट सरकून मधेच थांबतो तेव्हा दोष मोटरचा नसून बहुधा तारेचा असतो. पट्टीवरचा खटका सांध्यापासून हातभर अंतरावर असतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा हिशेबच करावा लागत नाही. मध्यवर्ती पॅनेल सोडण्याचे हे एक कोरडे पण पटण्यासारखे कारण आहे.

सोलेनॉइडसाठी कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका झटक्यात सोडणारे युनिट घ्यावेच. त्याने झटका जोरकस बसतो आणि बटण दाबून धरले तरी कॉइल जळत नाही. माझ्याकडे ते नव्हते तेव्हा एका पाहुण्याने चांदोदच्या सांध्याचे बटण गप्पांच्या ओघात अर्धा मिनिट दाबून ठेवले होते. व्हार्निश जळल्याचा वास आला तेव्हा सगळ्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिले.

हळू फिरणाऱ्या मोटरचा प्रवाह इतका थोडा असतो की तार कितीही बारीक आणि लांब असली तरी फरक पडत नाही, म्हणून पॅनेलवर आणायचेच असतील तर तेच सांधे आणावेत. सर्व्होचे, म्हणजे संकेताप्रमाणे ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरचे, गणित वेगळे आहे. त्याच्या संकेताची तार लांबली की सर्व्हो आपोआप थरथरू लागतो, विशेषतः ती रुळांच्या तारांसोबत एका जुडग्यात बांधली असेल तर. त्यामुळे सर्व्होचे सर्किट सांध्याजवळ, फळीखाली ठेवावे आणि तिथून फक्त खटक्याच्या दोन साध्या तारा लांब न्याव्यात.

ज्यांना विजेचा हा सगळा व्याप नको असेल त्यांनी सांधा दांडीने चालवावा. सायकलचा स्पोक, त्याच्या टोकाला कपाटाची लहान मूठ आणि सांध्याशी एक ओमेगाच्या आकाराचा तारेचा वळसा, एवढ्यावर उत्तम काम होते. ओढली की पलीकडचा रूळ, ढकलली की अलीकडचा. अशी दांडी 60 सेंटिमीटरपेक्षा लांब किंवा एकापेक्षा जास्त वळणांची नसावी. बडोद्याच्या पावसाळ्यात प्लायवूड फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. छिद्र तंतोतंत पाडले असेल तर जुलैत दांडी घट्ट बसते, म्हणून छिद्रात प्लॅस्टिकची नळी घालून थोडी मोकळीक ठेवावी. तारेचा वळसा उरलेला फरक झेलतो. हौस म्हणून नव्हे, तर सोय म्हणून सांगतो, फळीच्या कडेपासून हातभर आतल्या सांध्यांना मला आजही हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते.

न दिसणारे सांधे

भिंतीमागे लपलेल्या यार्डात पाती दिसण्याचा नियम लागू करता येत नाही, म्हणून तिथे नियम थोडा बदलतो. पाती दिसत नसतील तर निदान गाडी यार्डात शिरते ते तोंड दिसेल अशा जागी पॅनेल असावे. तिथे एकेका सांध्याला खटका न देता एकेका रुळाला बटण द्यावे. तीन क्रमांकाच्या रुळाचे बटण दाबले की वाटेतील सगळे सांधे त्या रुळासाठी लागतात. ही करामत वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडच्या जाळीने होते आणि सोलेनॉइड असतील तर तीन अँपिअरचे 1एन5408 डायोड वापरावेत. येथील दिवे मोटरच्या तारेवर न लावता मोटरला जोडलेल्या सहायक संपर्कांवर लावावेत, म्हणजे मोटर खरोखर फिरली तरच दिवा बदलेल. टॉर्टॉइसमध्ये असे दोन संपर्क असतात. एक फ्रॉगच्या विजेसाठी जातो, दुसरा या दिव्यासाठी उरतो.

डीसीसी, म्हणजे रुळांतूनच डिजिटल हुकूम पाठवणारी पद्धत, वापरणाऱ्यांना वाटते की सांधे हातातल्या कंट्रोलरवरूनच फिरवता येत असल्यामुळे खटक्यांचा प्रश्नच मिटला. माझा अनुभव उलट आहे. शंटिंग करताना, म्हणजे डबे जोडता-सोडताना, इंजिनाचा क्रमांक सोडून सांध्याचा क्रमांक टाकायचा, तो आठवायचा, पुन्हा इंजिनाकडे यायचे, एवढ्यात दोन डबे जोडून होतात. ती सोय स्वयंचलित वेळापत्रकासाठी ठेवावी आणि पट्टीवर बटण द्यावेच. सांध्यांचे हुकूम वाचणाऱ्या काही डिकोडरांना अशी बटणे थेट जोडता येतात.

मुले, पाहुणे आणि मागची बाजू

खटके 105 सेंटिमीटरवर आले म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या नाकासमोर आले. दारातून आत येताच हाताशी लागेल अशा जागी एकही खटका ठेवू नये आणि सगळ्या सांध्यांचा पुरवठा तोडणारा एक किल्लीचा स्विच मुख्य सॉकेटजवळ बसवावा. गाड्या चालू असताना पाहुण्यांना सांधे फिरवू द्यायचे नसतील तर किल्ली खिशात टाकता येते, आणि कुणाला नाही म्हणावे लागत नाही. शेव-उसळ झाल्यावर हात धुण्याचा नियम मात्र किल्लीने पाळला जात नाही. तर्रीचे तेल बटणाच्या फटीत उतरले की दोन महिन्यांत संपर्क अडखळू लागतो.

पॅनेलची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच विचारपूर्वक मांडावी. वरच्या कडेला बिजागरी लावून पॅनेल उघडता आले पाहिजे आणि सगळ्या तारा एका टर्मिनल पट्टीवर येऊन मगच खटक्यांकडे गेल्या पाहिजेत, म्हणजे पॅनेल काढून टेबलावर आणून सोल्डर करता येते. फळीखाली उताणे पडून, चेहऱ्यावर सोल्डरचे थेंब घेत मी एकदा हे काम केले आहे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना सांध्याचा तोच क्रमांक असावा आणि तोच क्रमांक पट्टीवर, पॅनेलवर आणि फळीखाली मोटरवरही असावा. जागा हलवलेल्या खटक्याचे जुने भोक बुजवताना त्याच्या तारा कापू नयेत; गुंडाळून क्रमांकासह मागे टांगून ठेवाव्यात. माझ्याकडे अशा चार जोड्या टांगलेल्या आहेत, आणि त्यांपैकी कोळशाच्या साइडिंगची जोडी येत्या रविवारी पुन्हा तिच्या पहिल्या जागी जाणार आहे, कारण तिचा खटका आता ज्या खांबामागे आहे तिथे दादासाहेबांच्या आरामखुर्चीमुळे कुणाचाच हात पोहोचत नाही आणि ती खुर्ची हलणार नाही.